शुक्राप्पा, राइट विंगर

आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विषय कुठलाही निघो, पेपर तपासणी, पगारवाढ, माजलगाव धरणात पाणी किती टक्के, पाचव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "त्या शुक्राप्पांचं ऐकलंय का?" ऐकलेलं सगळ्यांनीच असतं! तरी सगळे पुन्हा ऐकतात. काही किस्से मी गावात नसताना घडलेत, आणि आता तेच मी जास्त रंगवून सांगतो. पण इथं देतोय ते सगळे माझ्यासमोरचे. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून संस्थेनं मला शुक्राप्पांचा दुभाषी केलं होतं. पगार तोच, तोंड डबल!

शुक्राप्पा म्हणजे कोफी सर. मूळचे घानाचे. साठी ओलांडलेले, दारातून वाकून आत येणारे, डाव्या गुडघ्यात किंचित लंगडणारे. तरुणपणी बेल्जियममधल्या एका क्लबाकडून फुटबॉल खेळले. त्या क्लबात खेळलेले ते पहिले आफ्रिकन. पुढं गोवा, पुणं असं कोचिंग करत फिरत होते. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब नातवाच्या स्पोर्ट्स डेला पुण्याला गेले, तिथं यांना पाहिलं, आणि आमच्या मुलींच्या टीमसाठी थेट माजलगावला घेऊनच आले. जिल्ह्यात सगळे कबड्डी करतात, आपण काहीतरी वेगळं करू, असा आबांचा विचार. आमच्याकडं मुलींची फुटबॉल टीम आहे, हे आम्हाला त्याच दिवशी कळलं!

*

पहिल्याच दिवशी सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा बांधणाऱ्याला स्टूल लागलं.

आबा माइकवर म्हणाले, "युरोपात पहिले आलेले कोफी सर आज आपल्या मातीत आले!"

टाळ्या पडल्या. आबांनी माइकवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "पहिले म्हंजी नंबर काढला व्हता ना यांनी?"

मी कोफी सरांना इंग्रजीत विचारलं, "तुमचा पहिला नंबर आला होता का, असं विचारतायत."

ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नाही. मी एकटा आलो होतो."

मी आबांना म्हणालो, "हो म्हणतायत."

आबा पुन्हा माइककडं वळले. "युरोपात पहिला नंबर!"

*

नाव दिलं ते महारुद्र आप्पांनी. स्टँडसमोर त्यांचं चहाचं हॉटेल. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गिऱ्हाईक कलेक्टर असला तरी चहा स्वतःच्या वेळेलाच देणार.

"नाव काय म्हन्ले?"

"कोफी."

"चहाच्या हॉटेलात कॉफी?" आप्पांना ते काही पटेना. "अर्थ काय हाय त्याचा?"

कोफी सरांनी सांगितलं की त्यांच्याकडं जन्मलेल्या वारावरून नाव ठेवतात. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा.

आप्पांचा चेहरा उजळला. "आसं व्हय! आपल्याकडं बी तेच की. सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुधा. तुमी शुक्रवारचे, म्हंजी शुक्राप्पा!"

मी भाषांतर केलं. कोफी सरांनी ते नाव दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं. मग म्हणाले, "बेल्जियममध्ये त्यांना कोफी म्हणायला अवघड जायचं, म्हणून ते मला जॉन म्हणायचे. यांनी निदान अर्थ तरी विचारला!"

त्या दिवसापासून माजलगावात त्यांना कोफी म्हणणारा माणूस उरला नाही.

*

मग टीमच्या उद्घाटनाचे फ्लेक्स लागले. आबांचा फोटो मोठा, आबांच्या चिरंजीवांचा त्याहून मोठा, आणि खाली कोपऱ्यात फुटबॉलला लाथ मारणारा एक देखणा काळा तरुण. केसांच्या बारीक वेण्या, पिवळी जर्सी. खाली नाव: आंतरराष्ट्रीय कोच कोफी सर.

शुक्राप्पांच्या डोक्यावर तर औषधालासुद्धा केस नाही!

आमचे पीटीचे शिक्षक गायके सर. टीमची व्यवस्था त्यांच्याकडं. त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"अबे, कुणाचा फोटो टाकला तू?"

"सर, मोबाइलवर आफ्रिका फुटबॉल टाकलं, जो आला तो घेतला. लोकायला काय कळतंय?"

शुक्राप्पा फ्लेक्ससमोर हाताची घडी घालून उभे. गायके सर मला म्हणाले, "माफी मागा माझ्या वतीनं." मी मागितली.

"माफी कसली?" शुक्राप्पा म्हणाले. "मी बेल्जियममध्ये पहिला गोल केला तेव्हा पेपरात फोटो दुसऱ्याचाच आला होता. त्या वेळी तिथल्या लीगमध्ये आम्ही दोघंच आफ्रिकन. मी गोल केला की त्याचा फोटो यायचा, त्यानं केला की माझा."

"मग तक्रार नाही केली तुम्ही?"

"केली ना. दोघांनी मिळून केली. मग त्यांनी आमचा दोघांचा एकत्र फोटो छापला, आणि खाली नावं उलटी!"

*

खरी गंमत अशी, की शुक्राप्पा मुळात गोलकीपर. घानात ते गोलकीपर म्हणूनच खेळले, आणि बेल्जियमच्या माणसानं त्यांना तिथं पाहिलं तेही गोलातच.

पण क्लबात पोचले तर कोचनं हातात राइट विंगरची, म्हणजे उजव्या कडेनं बॉल घेऊन पळणाऱ्याची, जर्सी दिली.

शुक्राप्पा खुणा करून सांगायला लागले की मी गोलकीपर आहे. दोन्ही हात वर करून दाखवले, उडी मारून दाखवली. कोचनं दुभाष्यामार्फत सांगितलं, "गोलात उभं राहायला आमच्याकडं माणसं आहेत. आफ्रिकन माणसं पळतात. पळा!"

"मग?" गायके सरांनी विचारलं.

"मग पळालो. गुडघा जाईपर्यंत पळालो."

गायके सरांना लई वाईट वाटलं. डोळे पाणावले त्यांचे. "काय माणसं असतेत! माणसाला इचारायचं तरी, तुला काय येतं म्हणून!" मग नाक पुसून ते माझ्याकडं वळले. "सर, तेवढं यांना इचारा ना. एवढी उंची हाय, तर येत्या महिन्यापासून व्हॉलीबॉल बी घेतेत का?"

*

शुक्राप्पा मराठी शिकले ती टीममधल्या पोरींकडून. त्यामुळं मराठी अस्सल आपल्याकडची, पण सगळी पोरींची. सकाळी स्टाफरूमच्या दारात हा डोंगराएवढा माणूस उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "मी आले! मी काल परळीला गेलते!"

प्राचार्यांनी मला सांगितलं, "अहो, जरा दुरुस्त करा ते. इन्स्पेक्शनला साहेब येतात."

मी समजावलं. आले नाही, आलो. गेलते नाही, गेलतो. ते हसतच सुटले.

बेल्जियममध्ये त्यांची राहायची सोय एका म्हाताऱ्या बाईच्या घरी होती. तिकडची भाषा ते तिच्याकडून शिकले. पहिल्यांदा ड्रेसिंग रूममध्ये बोलायला उभे राहिले आणि अख्खी टीम बाकावरून खाली पडली. सव्वीस वर्षांचा पैलवान गडी ऐंशीच्या आजीसारखा बोलत होता! "बाळांनो, मोजे ओले ठेवू नका," वगैरे.

"मग तिथं सुधारली का भाषा?"

"नाही. ज्यांनी शिकवलं, ते मला बोलवत होते, जेवायला वाढत होते. हसणाऱ्यांकडून कशाला शिकू?"

आणि लगेच मराठीत, "येते मी!" म्हणून ग्राउंडवर गेले.

*

आमची गोलकीपर होती वैजयंता. सगळे वैजू म्हणायचे. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, ही संस्थेच्या वसतिगृहात. बोलायला फटकळ. एकदा प्रॅक्टिस संपल्यावर लिंबाखाली बसून पोरी पाणी पीत होत्या, तेव्हा हिनं सरळ विचारलं, "सर, तिकडं तुमाला लोक चिडवत न्हवते का हो?"

गायके सर तिच्यावर डोळे वटारायला लागले. शुक्राप्पा म्हणाले, "विचारू द्या."

त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी पोरींना मराठीत केलं, ते असं. पहिल्यांदा परगावी मॅच होती. हे बॉल घेऊन पळायला लागले, की प्रेक्षकांतली हजारभर माणसं एकदम आवाज काढायची. हू, हू, हू! यांना वाटलं, तिकडची शाबासकी द्यायची पद्धत असेल. म्हणून दर वेळी हे त्यांच्याकडं बघून हात करायचे. मॅच संपल्यावर कॅप्टननं बाजूला घेऊन सांगितलं, "तो माकडाचा आवाज आहे. तुझ्यासाठी."



"मग?" वैजू म्हणाली. "कळल्यावर काय केलं तुमी?"

"माझ्या लक्षात आलं होतं, की हात केला की ते जास्त चिडतात."

"मग?"

"मग मी दोन्ही हातांनी करायला लागलो!"

पोरी एवढ्या हसल्या की एकीला पाण्याचा ठसका लागला. मीही हसलो. पण आमच्या आठवडी बाजारात शुक्राप्पांसोबत फिरताना पोरंटोरं मागून ओरडत येतात, काही मोठी माणसंसुद्धा कसलेकसले आवाज काढतात, आणि शुक्राप्पा सगळ्यांना हात करतात, हे मी दर आठवड्याला बघत होतो. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे! त्या दिवसानंतर बाजारात त्यांचा हात वर गेला की मी भाजीचे भाव विचारायला लागायचो.

*

आष्टीची टूर्नामेंट. उद्घाटनाला एक मोठे पुढारी. त्यांना सगळे भाऊ म्हणत. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं पन्नास माणसं. भाऊंनी पेनल्टी मारायची, बॉल गोलात जायचा, फटाके वाजायचे, असा कार्यक्रम ठरलेला. गोलात उभी आमची वैजू.

हे सगळं ठरलंय, एवढं तिला सांगायचं गायके सर विसरले.

भाऊंनी मारला. वैजूनं अडवला.

कुठंतरी एकाच माणसानं टाळी वाजवली आणि घाबरून थांबला. निवेदक हुशार निघाला. "भाऊंनी आत्ता केवळ सरावासाठी बॉल मारलेला आहे!"

भाऊंनी पुन्हा मारला. वैजूनं उडी मारून तोही बाहेर काढला. निवेदक म्हणाला, "वारा आडवा आल्यामुळे..." झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले. "आरं, त्या पोरीला समजवा बे कुणीतरी! पाव्हण्याचा गोल आडवतेत व्हय?"

मी शुक्राप्पांना सगळं नीट समजावून सांगितलं. हे पाहुणे, हा मान, आबांची अडचण. ते "हो, हो" म्हणाले आणि लंगडत गोलपाशी गेले. वाकून वैजूच्या कानात काहीतरी बोलले. वैजूनं मान डोलावली. आबांच्या जिवात जीव आला. फटाकेवाल्यानं काडी ओढली.

भाऊ लांबून पळत आले. मारला. वैजू डावीकडं झेपावली आणि बॉल पोटाशी धरून उठली!

फटाक्याची माळ मात्र पेटून गेली होती. ती निम्मी वाजेपर्यंत भाऊंनी स्वतःला सावरलं आणि माइक मागून घेतला. "ही पोरगी जिल्ह्याचं नाव काढणार!" काय करतील बिचारे!

परतीच्या जीपमध्ये आबा कुणाशी बोलेनात. मी मागच्या सीटवर शुक्राप्पांना हळूच विचारलं, "तुम्ही नेमकं काय सांगितलं तिला?"

"एवढंच म्हटलं, हा माणूस दर वेळी तुझ्या डाव्या हाताला मारतोय."

"अहो, पण त्यांना गोल हवा होता!"

"मग उजवीकडं मारायचा ना!"

*

त्याच वर्षी दसरा झाल्यावर वैजूचे वडील सर्जेराव वसतिगृहात आले. ऊसतोडीची टोळी दोन दिवसांत निघणार होती.

"पोरीला संगट न्यायला आलोय. तिच्या मायचं कंबरडं धरलंय, हाताखाली माणूस पायजे. अन तिकडं एक सोयरीक बी हाय बघण्यात."

वैजू बारावीला. अठरा व्हायची होती. गायके सरांनी कायदा सांगायला सुरुवात केली. सर्जेराव म्हणाले, "ते समद्यायला म्हाईत हाय, सर." त्यात राग नव्हता. नुसते थकलेले वाटले. वैजू पिशवी भरून दाराशी उभी. ती एक शब्द बोलत नव्हती, आणि वैजू बोलत नाही हे आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

शुक्राप्पांनी काय चाललंय ते माझ्याकडून समजून घेतलं. मग सर्जेरावांना म्हणाले, "जाण्याआधी एकदा प्रॅक्टिस बघा."

त्यांनी सर्जेरावांना गोलाच्या मागं, जाळीला चिकटून उभं केलं. वैजू गोलात. आणि स्वतः बॉल मारायला लागले. त्या पायात अजून काय ताकद होती! बॉल सुटला की सर्जेराव जाळीमागं असूनही तोंडावर हात घ्यायचे, मागं सरकायचे. वैजू जागची हलायची ती बॉलकडं. डावीकडं, उजवीकडं, मातीत लोळून, ढोपरं सोलून. मग गायके सरांनी मारले. मग टीममधल्या पोरींनी. बराच वेळ हे चाललं. कुणी कुणाला काही समजावलं नाही.

शेवटी शुक्राप्पांनी बॉल हातात उचलला. वैजू वाकून गुडघ्यांवर हात टेकून दम खात होती, पण बापाकडं मागं वळून बघत नव्हती.

सर्जेरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"मास्तर, ही घरी बी आशीच हाय. दोन स्थळं आडवलीत हिनं!"

आम्ही कुणी हसलो नाही. तेच आधी हसले. मग पोरीची पिशवी उचलून स्वतःच खोलीत ठेवून आले. जाताना शुक्राप्पांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच. तिच्या मायला मी सांगतो काय सांगायचं ते."

टोळी गेली, वैजू राहिली. आज ती पोलिसात आहे. कुठल्याशा चेकपोस्टवर ड्यूटी असते. तिथूनही काही आत येत नाही म्हणतात!

*

मागच्या हिवाळ्यात बेल्जियमहून एक बाई आणि एक कॅमेरावाला आले. शुक्राप्पांच्या जुन्या क्लबाचा मोठा वाढदिवस होता. त्यासाठी ते क्लबाच्या पहिल्या आफ्रिकन खेळाडूवर फिल्म करत होते. शोधत शोधत माजलगावला पोचलेले. बाई स्वभावानं फार चांगल्या. प्रत्येकाला नमस्कार करायच्या, दोन्ही हात जोडून, शिपायालासुद्धा.

त्यांनी शुक्राप्पांना उसाच्या फडातून चालायला लावलं. बैलगाडीत बसवलं. मग विचारलं, पोरींना अनवाणी खेळवता येईल का? गायके सर म्हणाले, "अनवाणी कावून? आबांनी बूट घेऊन दिलेत की!" मी भाषांतर केलं. बाई सॉरी म्हणाल्या.

शेवटचा शॉट महारुद्र आप्पांच्या हॉटेलात. बाकावर शुक्राप्पा, समोर बाई, मध्ये मी. बाईंनी विचारलं, "क्लबातलं तुमचं खेळणं कसं संपलं?"

शुक्राप्पा म्हणाले, "गुडघा."

एवढंच. मला त्यांनी एकदा सगळं सांगितलं होतं. ऑपरेशन करून कुबड्या घेऊन ते क्लबावर गेले, तर गेटवरच्या नव्या माणसानं ओळखलं नाही. आत निरोप पाठवला. आतून कुणी आलं नाही, एका पोत्यात भरून त्यांचं सामान तेवढं बाहेर आलं. त्यात वरती दुसऱ्याच कुणाचा तरी एक बूट होता. पण बाईंना ते काही बोलले नाहीत, म्हणून मीही बोललो नाही.

बाईंनी मग कॅमेरा आप्पांकडं वळवला. "यांना सांगा, की कोफी आमच्या क्लबातले पहिले आफ्रिकन खेळाडू. आम्हा सगळ्यांना त्यांचा फार अभिमान आहे. अशी माणसं क्लबाला पुन्हा मिळत नाहीत."

मी शब्दन् शब्द आप्पांना सांगितला. आप्पांनी चहा उकळता ठेवून सगळं ऐकून घेतलं. शुक्राप्पांकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"एवढा भारी गडी व्हता," ते बाईंना म्हणाले, "तर सोडला कावून?"

बाई माझ्याकडं बघायला लागल्या. कॅमेरा चालू होता. मी शुक्राप्पांकडं पाहिलं, ते रस्त्याकडं बघत होते. मग मी भाषांतर केलं. जसंच्या तसं.

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर समोरून जायला लागला. त्याच्या आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. ट्रॅक्टर पार वळणाआड गेला, धूळ खाली बसली, तरी बाई काही बोलल्या नव्हत्या.

शुक्राप्पांनी हात वर केला.

"आप्पा," ते म्हणाले, "पाव्हणीला आधी चहा द्या."